दिव्यांगांचा निवारा : अनुदानाच्या पुढचे पाऊल

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्या एकत्रित मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला ज्या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे, तो वरवर पाहता दोन निरनिराळ्या कार्यालयांचा विषय आहे. दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखा पाहते, आणि घरकुलाचे काम पंचायत समितीकडे असते. कामकाजाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच आहे. परंतु ज्या माणसाला अनुदानावर महिना काढावयाचा आहे, त्याच्या आयुष्यात पैसा आणि छप्पर या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. छप्पर दुसऱ्याचे असेल, तर हाती आलेले अनुदानही दुसऱ्याच्याच संसारात विरून जाते. म्हणून हे दोन्ही विषय आज आपण एकत्र विचारात घेऊ.

पूर्वी आपण 'अपंग' हा शब्द वापरीत होतो, आता शासनव्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र शब्दाबरोबर त्या माणसाच्या अंथरुणाची जागाही बदलली पाहिजे. ती पडवीतून घरात आली पाहिजे. आजच्या चर्चेचे सार एवढेच आहे.

आपल्या भागातील स्थिती

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. साऱ्या देशात ही संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती, आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. म्हणजे हा प्रश्न प्रामुख्याने खेड्यांचा आहे. त्या गणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. तेव्हा पुढील गणनेत कितीतरी नवी नावे पुढे येतील, हे उघड आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके निरा व भीमा या नद्यांच्या आधाराने वाढलेले आहेत. निरा डाव्या कालव्याने इथल्या जमिनीला पाणी दिले, उसाने कारखाने दिले, कारखान्यांनी रस्ते आणि शाळा दिल्या. पुढे औद्योगिक वसाहत आली. या समृद्धीबरोबर अपघातही आले. कडबाकुट्टीत गेलेला हात, विजेच्या मोटारीचा धक्का, विहिरीच्या कामावर कण्याला झालेली इजा, उसाच्या ट्रॉलीवर रात्री आदळलेली दुचाकी, हे प्रकार आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या गावात पाहिलेले आहेत. दुसरीकडे सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात अर्धांगवायू, अंधत्व किंवा जन्मजात व्यंग असलेला माणूस आधीच ओढग्रस्तीच्या कुटुंबात दिवस काढीत असतो. कारखान्याच्या वसाहतीतील खोली नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. शेतमजुराला मालकाच्या शेतात बांधून दिलेली खोली त्याचे हातपाय चालत असेपर्यंतच त्याची असते. अपघाताने माणसाची कमाई जाते आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात त्याचे घरही जाते, ही गोष्ट आपल्या नोंदवहीत कोठेच येत नाही.

अनुदानाचा हिशेब

संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० सालापासून सुरू आहे. निराधार, विधवा, दुर्धर आजाराने ग्रासलेले रुग्ण आणि दिव्यांग यांना दरमहा निश्चित रक्कम देणारी ही योजना राज्याच्या समाजकल्याण कार्याचा एक भक्कम आधार ठरली आहे. २०१९ साली हे अनुदान दरमहा ६०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, २०२३ साली ते १,५०० रुपये झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असणे, या त्यातील मुख्य अटी होत. ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी केंद्र शासनाने २००९ साली जी निवृत्तिवेतन योजना सुरू केली, तिचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे.

ही वाढ स्वागतार्ह आहे यात शंका नाही. तरीही हिशेब मांडून पाहिला पाहिजे. २,५०० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम निवाऱ्यावर खर्च होऊ नये, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. त्या मापाने या माणसाने भाड्यासाठी फार तर ८३३ रुपये द्यावेत. एवढ्या रकमेत बारामती शहरात खोली मिळणे जवळजवळ अशक्य आहे. औद्योगिक वसाहतीतील कामगार, महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि नोकरदार यांची मागणी इतकी आहे की घरमालकाला दिव्यांग भाडेकरूची वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. त्यातून अनामत रक्कम आगाऊ मागितली जाते, आणि परवडणारी खोली बहुधा जिन्याच्या वर असते.

तात्पर्य, हे अनुदान पोटासाठी आहे, भाड्यासाठी ते पुरत नाही. अनुदानावर जगणाऱ्या माणसाला परवडणारे घर म्हणजे ज्याचे भाडेच द्यावे लागत नाही असे स्वतःच्या हक्काचे घर. म्हणूनच त्याच्या बाबतीत घरकुल योजनेला इतरांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

छप्पर आहे, पण घर नाही

आता मी आपले लक्ष एका सूक्ष्म परंतु अत्यंत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वेधतो. आपल्या घरकुल याद्या कुटुंबाच्या हिशेबाने तयार होतात. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे, अशी त्यामागील व्याख्या आहे. समजा, एका घरात तीन भाऊ आहेत. थोरल्याने पक्के घर बांधले आहे. धाकटा दोन्ही पायांनी अधू, अविवाहित, वय चाळीस. तो थोरल्याच्या घरामागे पत्र्याच्या पडवीत राहतो. त्याचे नाव थोरल्याच्या शिधापत्रिकेवर आहे. पाहणी करणारा येतो, पक्के घर पाहतो, आणि नोंद करतो की या कुटुंबास घर आहे. कागदावर ही नोंद खोटी नाही, परंतु ती खरीही नाही. आई हयात असेपर्यंत त्या धाकट्याला पडवीत वेळेवर भाकरी मिळते. आई गेल्यानंतर काय होते, हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे भावाला दोष देऊन भागत नाही. त्याचाही संसार ओढाताणीचा असतो. दोष असलाच तर तो आपल्या मोजणीच्या पद्धतीत आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत ज्या कुटुंबात दिव्यांग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही, ते कुटुंब वंचिततेच्या निकषात धरले गेले. हा निकष उत्तम होता, परंतु भावाच्या चुलीवर मोजला गेलेला माणूस त्यात बसला नाही. प्रौढ दिव्यांग व्यक्ती प्रत्यक्षात वेगळी राहत असेल, तर तिची शिधापत्रिका विभक्त करून घेणे आणि ग्रामसभेत तिची स्वतंत्र कुटुंब म्हणून नोंद करणे, हे पहिले पाऊल होय. २०२५ साली झालेल्या 'आवास प्लस' सर्वेक्षणात आपल्या गावातील अशी किती नावे आली आणि किती सुटली, याची पडताळणी आपण परत गेल्यावर लगेच करावी.

पात्रतेच्या अटींबाबतही तारतम्य हवे. घरकुलातून वगळण्याच्या जुन्या अटींत दुचाकी, शीतकपाट आणि दूरध्वनी यांचा समावेश होता. २०२४ साली त्या शिथिल झाल्या. तेव्हा पूर्वी केवळ दुचाकीमुळे ज्याचे नाव कापले गेले, त्याचे प्रकरण पुन्हा उघडून पाहण्यास हरकत नाही. दिव्यांग माणसाची जोडचाकांची स्कूटर ही चैनीची वस्तू नव्हे. ती त्याची पावले आहेत.

कायद्याने दिलेला हक्क

पुष्कळ ठिकाणी दिव्यांगांना घर देणे हे पुण्याचे काम समजले जाते. पुण्य अवश्य मिळवावे, परंतु आज ही गोष्ट पुण्याच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली शांतिस्टार बिल्डर्स या महाराष्ट्रातील प्रकरणात जीविताच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचा समावेश होतो, असे स्पष्ट केले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात घरासाठी सवलतीच्या दराने जागा देण्याची तरतूद होती. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. समाजात राहण्याचा, आणि कोठे व कोणाबरोबर राहावे हे ठरविण्याचा हक्क त्या कराराच्या एकोणिसाव्या कलमात आहे, आणि सार्वजनिक गृहनिर्माण योजनांत स्थान मिळण्याचा हक्क अठ्ठाविसाव्या कलमात आहे.

या कराराला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा झाला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे सदतिसावे कलम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. शेतजमीन व घरे यांच्या वाटपाच्या सर्व योजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्या, म्हणजे चाळीस टक्के व अधिक अपंगत्व असलेल्या, व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग स्त्रियांना अग्रक्रम, दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण, आणि निवारा वा व्यवसायासाठी सवलतीच्या दराने द्यावयाच्या जागांतही ५ टक्के आरक्षण, अशा या तरतुदी आहेत. आपल्या राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.  कायदा आहे, विभाग आहे, योजना आहेत. आता गावपातळीवर त्यांची सांगड घालणारा माणूस पाहिजे, आणि तो आपणांपैकीच कोणी असणार आहे.

जागेचा प्रश्न

प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण ही योजना २० नोव्हेंबर २०१६ रोजी जुन्या इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. तीत सपाट प्रदेशात घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट क्षेत्राचे घर अपेक्षित आहे. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात ५० हजार रुपयांची भर जाहीर केली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, विमुक्त व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ साली सुरू झालेली मोदी आवास योजना अशा राज्याच्याही योजना आहेत.

परंतु यांतील बहुतेक योजनांना आधी जागा लागते, आणि आपल्या भागात खरी अडचण जागेचीच आहे. कालव्याखालच्या जमिनीचे भाव गरिबाच्या आवाक्यात नाहीत. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नवी गावठाणे वसविली गेली, तेव्हा कुटुंबागणिक भूखंड मिळाले. आज त्या कुटुंबांची तिसरी पिढी त्याच भूखंडावर नांदत आहे. वाटणीची वेळ आली की दिव्यांग भावाच्या वाट्याला बहुधा तोंडी आश्वासन येते, सातबारावर वा मालमत्तापत्रकावर त्याचे नाव येत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग खरेदीचा. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी साहाय्य मिळते. सुरुवातीस ते ५० हजार रुपयांपर्यंत होते, पुढे ते १ लाखापर्यंत वाढविण्यात आले. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी कमी जागा. एवढा छोटा तुकडा तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदी करता येत नसे. २०२४ साली नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामीण घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने अशा हस्तांतराची वाट मोकळी झाली आहे. ही गोष्ट अद्याप पुष्कळांना माहीत नाही.

दुसरा मार्ग नियमानुकूलनाचा. शासकीय जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहत असलेल्या पात्र कुटुंबांची पाचशे चौरस फुटांपर्यंतची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने २०१८ साली घेतले. अशा प्रकरणांत दिव्यांगांची प्रकरणे आधी निकाली काढावीत. मात्र गायरानासंबंधी न्यायालयांचे आदेश कडक आहेत, हे लक्षात ठेवून जागेचा प्रकार तपासल्याखेरीज कोणालाही आशा दाखवू नये.

तिसरा मार्ग वडिलोपार्जित हिश्श्याचा. गावठाणातील मिळकतींची ड्रोनद्वारे मोजणी करून मालकीचे पत्रक देण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे प्रथम झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून 'स्वामित्व' या नावाने तो देशभर गेला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची चौकशी चालू असतानाच दिव्यांग वारसाचे नाव पत्रकावर लागेल याची खबरदारी घेतली, तर पुढील भांडण टळते.

बांधणार कोण?

मंजुरीचे पत्र हाती आले म्हणजे घर झाले असे नव्हे. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याहप्त्याने मिळते. पहिल्या हप्त्यानंतर पाया भरला पाहिजे, त्याचे छायाचित्र गेले पाहिजे, तेव्हा पुढचा हप्ता येतो. धडधाकट माणूस स्वतः राबतो, सोयऱ्यांना हाक मारतो, सिमेंट उधार आणतो. रोजगार हमीशी जोडलेली नव्वद दिवसांची अकुशल मजुरीही या घरकुलाच्या हिशेबात धरली गेली. पण ज्याचे हातच चालत नाहीत त्याने ही मजुरी करावी कशी? ज्याला दुकानदार उधार देत नाही त्याने पाया भरावा कसा? मंजूर होऊनही अपूर्ण राहिलेल्या घरकुलांची यादी आपण काढाल, तेव्हा त्यांत वृद्धांची आणि दिव्यांगांची घरे किती आहेत हे अवश्य मोजावे.

या अडचणीचा विचार योजनेच्या मार्गदर्शक आराखड्यातच केलेला आहे. लाभार्थी वृद्ध, दुर्बल वा दिव्यांग असून स्वतः घर बांधून घेऊ शकत नसेल, तर त्याचे घर ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचा भाग म्हणून बांधावे, आणि तेही शक्य नसेल तर ग्रामपंचायतीने वा गावपातळीवरील कर्मचाऱ्याने त्यास बांधकामात साहाय्य करावे, असे त्यात सांगितले आहे. तसेच दिव्यांगांच्या राखीव हिश्श्यातून मंजूर झालेले घर त्या व्यक्तीच्याच नावे असावे, असाही दंडक आहे. घर भावाच्या नावे करून 'तो सांभाळील' असे म्हणणे या दंडकाला धरून नाही. घरकुलासाठी राज्य शासनाच्या धोरणानुसार पाच ब्रासपर्यंत वाळूही विनामूल्य मिळते, पण ती नदीकाठावरून आणण्याची व्यवस्था त्या माणसाला एकट्याने करता येत नाही. गावातील एका ट्रॅक्टरमालकाने दोन खेपा टाकल्या तर ते काम होते.

बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता वा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नियुक्त करते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडिलांचे पालकत्व आपोआप चालू राहते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. शिक्षक मंडळींनी अशा पालकांना वेळीच जागे केले, तर उद्या खाते आणि घर या दोन्ही गोष्टी अडत नाहीत.

घर कसे असावे?

दिव्यांगाला घर मिळाले आणि त्याच्या दाराशी तीन पायऱ्या आल्या, तर ते घर त्याच्यासाठी तुरुंग ठरते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असा मान्य दंडक आहे. म्हणजे जोते दीड फूट असेल तर उतार अठरा फूट लांब पाहिजे, आणि जोते दोन फूट केले तर चोवीस फूट. आपल्या काळ्या जमिनीत जोते उंच घेण्याकडे कल असतो, म्हणून हा हिशेब आधीच केला पाहिजे.

पाचशे चौरस फुटांची जागा वीस बाय पंचवीस फूट आहे असे धरा. सोळा फूट रुंद आणि सतरा-अठरा फूट खोल घर घेतले, तर बाजूस चार फुटांची पट्टी उरते. त्या पट्टीत अठरा फुटांचा उतार आणि वर पाच फुटांचा सपाट ओटा मावतो. चोवीस फुटांचा उतार घेतला तर ओट्याला जागाच उरत नाही. म्हणजे सारा प्रश्न जोत्याच्या अर्ध्या फुटावर येऊन ठेपतो, आणि तो निर्णय आखणीच्या दिवशी दोरी धरतानाच घ्यावा लागतो. याखेरीज दार तीन फूट रुंद असावे, उंबरा नसावा, आत खुर्ची वळण्यासाठी पाच फुटांची मोकळी जागा असावी, शौचालय घराला लागून व बसण्याच्या भांड्याचे असावे, आणि त्याच्या भिंतीत धरण्यासाठी नळी बसवावी. अंध व्यक्तीसाठी रस्त्यापासून दारापर्यंत सलग कठडा वा खडबडीत फरशीची पट्टी पुरते. या बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा आधी विचार करण्याची गरज असते.

शहरातील वाट

बारामती व इंदापूर शहरांत राहणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२४ साली मंजूर झाला. तीत वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल घटकातील कुटुंबांना घरासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे, दिव्यांगांना प्राधान्य आहे, आणि परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटकही आहे. बहुमजली इमारतीत दिव्यांग व वृद्धांना तळमजला वा खालचे मजले प्राधान्याने द्यावेत, असे या योजनेचे सूत्र प्रथमपासून आहे. म्हाडाच्या सोडतीतही दिव्यांगांसाठी वेगळा प्रवर्ग असतो. पण कर्जाचा हप्ता भरण्याची ऐपत नसलेल्या अनुदानधारकाला सोडतीतील घर परवडेलच असे नाही. त्याच्यासाठी भाड्याच्या घरांचा घटक अधिक उपयोगी आहे, आणि नगरपरिषदांनी त्याचा पाठपुरावा करण्यासारखा आहे.

इतरांचा अनुभव

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असे समजू नये. अमेरिकेत १९७४ सालापासून निर्धन दिव्यांगांना मासिक भत्ता मिळतो. पण तेथे एका शयनगृहाच्या साध्या घराचे सरासरी भाडे त्या संपूर्ण भत्त्याहून अधिक झाले आहे, आणि भाड्यासाठी वेगळे साहाय्य न मिळालेल्या माणसाला घर मिळणे दुरापास्त आहे. इंग्लंडमध्ये राहत्या घरात उतार, रुंद दारे व स्नानगृह यांसाठी ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान देण्याची पद्धत आहे. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. रोख अनुदान कितीही वाढविले तरी घराचा प्रश्न वेगळाच सोडवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी नवे घरच हवे असते असे नाही, आहे त्या घरात फेरबदल करूनही माणूस मोकळा होतो.

आपल्या महाराष्ट्रातही आदर्श आहेत. आपल्याच जिल्ह्यात खडकी येथे मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापूर येथे नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली आणि दिव्यांगांसाठी वसतिगृह उभे केले. अशा संस्था दीपस्तंभासारख्या आहेत. परंतु प्रत्येक दिव्यांगाने गाव सोडून संस्थेत जावे, हे काही आपले ध्येय असू शकत नाही. आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या पारावर, आपल्या बोलीत राहण्याचा त्याचाही हक्क आहे.

आपण काय करावे?

शेवटी, आपणांकडून कोणत्या अपेक्षा आहेत, त्या थोडक्यात सांगतो.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत दिव्यांगांच्या निवाऱ्याची स्वतंत्र यादी वाचून दाखवावी. त्या यादीत केवळ नाव आणि टक्केवारी नसावी. तो कोठे झोपतो, ती जागा कोणाच्या नावे आहे, शौचालय किती पावलांवर आहे, आणि त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीचे वय काय, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सांभाळणारी आई सत्तरीची असेल, तर ते प्रकरण पुढील वर्षावर टाकता येणार नाही.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती वर्षअखेरीस सर्वांना सारखी वाटून टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. दहा लाख रुपये उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीत ही रक्कम ५० हजार होते. ती पन्नास जणांत वाटली तर प्रत्येकाला हजार रुपये मिळतात आणि ते महिनाभरात संपतात. शासनाने ठरवून दिलेल्या बाबींच्या मर्यादेत दरवर्षी दोन-तीन घरांचे उतार आणि शौचालये करून दिली, तर दहा वर्षांत गावाचे चित्र बदलेल. कारखानदारीलगतच्या ग्रामपंचायतींचे करउत्पन्न मोठे आहे, त्यांना तर हे सहज शक्य आहे. ज्याला यंदा काही मिळणार नाही तो नाराज होईल, हे खरे. म्हणूनच क्रम ग्रामसभेत, सर्वांसमक्ष आणि गरजेच्या तीव्रतेवर ठरवावा.

अधिकारी बंधूंनी संजय गांधी शाखेची दिव्यांग लाभार्थ्यांची यादी आणि पंचायत समितीची घरकुलाची यादी वर्षातून एकदा समोरासमोर ठेवून ताडून पाहावी. ज्याचे नाव पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्या घरी जाऊन एकदा पाहावे. प्रत्येक अर्जासाठी त्याला तालुक्याच्या गावी बोलाविणे म्हणजे अनुदानातील निम्मे पैसे रिक्षाभाड्यात घालविण्यास लावणे होय. प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, हयातीचा दाखला आणि शिधापत्रिका यांसाठी मंडळपातळीवर एका दिवसाचे शिबिर घेतले, तर त्याची चार फेऱ्यांची दगदग वाचते.

शिक्षक मंडळींबद्दल एवढेच म्हणेन की कोणत्या घरात कोण आहे, हे गावात आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा सोडणारी मुलगी आपल्याच हजेरीपटावर असते. तिच्या गैरहजेरीमागे एका दिव्यांगाच्या निवाऱ्याचा प्रश्न दडलेला असू शकतो. तो आपण ग्रामसभेपर्यंत पोहोचवावा.

बंधुभगिनींनो, या दोन तालुक्यांनी पाणी अडविले, माळ हिरवे केले, सहकार उभा केला. अर्धा फूट जोते कमी करणे, एक नाव पत्रकावर लावणे, दोन खेपा वाळू टाकणे ही कामे त्यामानाने लहान आहेत. पण ज्या माणसाच्या दारापुढे ती होतील, त्याला स्वतःच्या घराचे दार आतून लावता येईल आणि मनात येईल तेव्हा उघडताही येईल. येत्या ग्रामसभेत या विषयासाठी कार्यक्रमपत्रिकेवर एक ओळ राखून ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!